मैद्याच्या चाळणीने जिंकलेला समुद्र

ती. मावशीस,

तुझ्या चिखल्याचा दोन्ही हात जोडून नमस्कार (हात तीनदा साबणाने धुतलेले आहेत, वास घेऊन पाहिलास तरी चालेल). काकांनाही नमस्कार सांग. डॉक्टरांनी जिना चढू नका म्हणून बजावल्यापासून त्यांना गच्चीवरच्या कुंड्यांची फारच ओढ लागली आहे असं तू लिहिलं होतंस. तर त्या कुंड्या खाली आणून ठेव, म्हणजे त्यांचं कुंड्यांवरचं प्रेम दोन दिवसांत उतरेल आणि गुडघ्याला आराम मिळेल. तुझा रक्तदाब कसा आहे? शेजारच्या काकूंशी अबोला अजून चालू आहे असं मी धरून चालतो, कारण तसं नसतं तर तुझं मागचं पत्र चार पानांचं झालं नसतं. तुझी मैद्याची चाळणी नाहीशी होऊन आता तीन महिने झाले आणि ती काकूंनीच लांबवली याबद्दल तुझ्या मनात तिळमात्र शंका नाही, हे मला पाचही पत्रांतून नीट समजलं. जी बाई स्वतःच्या चमच्यालासुद्धा मागून लाल नेलपॉलिशचे तीन ठिपके लावून ठेवते, तिच्या डोक्यात सतत चोरीचाच विचार असणार, आणि जिच्या डोक्यात सतत चोरीचा विचार ती चोरी केल्याशिवाय राहील कशी, हा तुझा मुद्दा बिनतोड आहे. फक्त काकू जिन्यात समोरून आल्या की तू भिंतीकडे तोंड करून उभी राहतेस, तेवढं कमी कर. त्या भिंतीला ओल आहे.

तर आता बातमी. मावशी, मी जिंकलो! म्हणजे आमची कचेरी जिंकली, पण कचेरीत मी धरून चौघंच आहोत आणि त्यातला एक जण सदा आजारी असतो, तेव्हा मी जिंकलो म्हणायला हरकत नाही. गेली नऊ वर्षं तू नातेवाइकांत मी 'समुद्राकडे इंजिनिअर' आहे असं सांगत आलीस. लग्नकार्यात कुणी विचारलं की इंजिनिअर म्हणजे नक्की काय करतो, तर तू त्यांच्या ताटात काहीतरी वाढायला घेतेस, हे माझ्या नजरेतून सुटलेलं नाही. समुद्राच्या तळाचा चिखल उपसायचा, तो चाळायचा आणि चाळणीत राहिलेल्या किड्यांची शिरगणती करायची, हा माझा धंदा. तो चारचौघांत सांगण्यासारखा नाही, हे मलाही मान्य होतं. पण आता तू तो उजळ माथ्याने सांगायचास. मागच्या आठवड्यात तुझ्या भाच्याच्या चिखलापुढे एका अख्ख्या कंपनीने हात टेकले.

हे प्रकरण तुला समजायचं तर आधी मासे पाळतात कसे ते सांगायला हवं. खाडीच्या तोंडाशी, जरा खोल पाण्यात, गोल गोल जाळ्यांचे मोठाले पिंजरे तरंगत ठेवतात आणि त्यात हजारोंनी मासे सोडतात. त्यांना वरून खाणं टाकतात. मासे खातात तेवढं खातात, उरलेलं खाली पडतं, आणि खाल्लेल्याचं पुढे जे व्हायचं ते होऊन तेही खालीच पडतं. (तुमच्या इमारतीत झाडूवाला दोन आठवडे आला नव्हता तेव्हाचा जिना आठव. तिथे तर झाडूवाला कधीच येत नाही.) पाण्याला ओढ चांगली असली तर हे सगळं दूरवर पांगतं आणि कुणाचं काही बिघडत नाही. ओढ नसली तर ते साचतं, तळाचा गाळ काळा पडतो, त्याला नासक्या अंड्यांची घाण सुटते आणि तळाशी जगणारं सगळं गुदमरून मरतं. म्हणून पिंजरे टाकायच्या आधी तिथे खाली कोण राहतं आणि पाणी कुठून कुठे जातं ते बघून अहवाल द्यायचा, यासाठी सरकारने आमची कचेरी नेमली आहे. मासे पाळूच नका असं आमचं म्हणणं अजिबात नाही. कुठे पाळा, एवढंच आम्ही सांगतो.

कंपनीने तीन जागा सुचवल्या होत्या. एक नंबर फार उथळ. तीन नंबर चांगली, पण लांब आणि वाऱ्याच्या तोंडावर, म्हणजे तिथे पिंजरे मजबूत हवेत आणि रोज जाण्यायेण्याचा त्रास. दोन नंबर मात्र धक्क्याच्या जवळ, पाणी निवांत, आणि कंपनीचा सगळा जीव तिच्यात अडकलेला. या दोन नंबरपासून भरतीचं पाणी थेट आत शिरतं ते एका पसरट रेताडावर. ओहोटी लागली की ते रेताड उघडं पडतं, आणि साठेक घरांतल्या बायका तिथे शिंपल्या वेचतात. त्या घरांच्या चुली त्या शिंपल्यांवरच पेटतात. त्यांची पुढारी एक आजी आहेत. कमरेत वाकलेल्या, पण आवाज असा की धक्क्यावरच्या माणसाने दचकून मागे बघावं. पहिल्याच दिवशी त्यांनी मला गाठून विचारलं, "आमच्या शिंपल्यांना काही होणार नाही ना?" मी म्हटलं, तेच बघायला आलोय. त्या म्हणाल्या, "नीट बघ हो." बास, एवढंच. पण मावशी, ते 'हो' मला रोज ऐकू यायचं.

आता आमच्या आधी कंपनीने आपला स्वतःचा तज्ज्ञ आणून दोन नंबरची पाहणी उरकून घेतली होती. हे गृहस्थ होडीतसुद्धा टाय लावतात, म्हणून आम्ही त्यांना टायवाले म्हणतो. त्यांच्या अहवालात दोन नंबरच्या तळाबद्दल दोनच शब्द होते, 'निर्जीव गाळ'. खाली सही, शिक्का आणि सहा रंगीत नकाशे. निर्जीव म्हणजे तिथे घाण पडली तरी मरायला कुणी नाही, असा सरळ अर्थ. आमच्या मोठ्या बाईंनी (आमच्या कचेरीच्या प्रमुख. दिवसाला सरासरी अकरा वाक्यं बोलतात, त्यातली सात मला उद्देशून आणि त्या सातांतली पाच रागाची) तो अहवाल वाचला, चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि मला म्हणाल्या की जाऊन बघून या. म्हणून तुझ्याकडून परतल्यावर चौथ्याच दिवशी मी होडीत बसलो. सोबत आमचे होडीवाले बाबा. ते मला नऊ वर्षं ओळखतात आणि नऊ वर्षं मला पोहता येतं का म्हणून दर खेपेला नव्याने विचारतात.

गाळ काढायला आमच्याकडे एक लोखंडी पंजा आहे. दोन जबडे, तळाला टेकले की मिटतात आणि एक घास गाळ घेऊन वर येतात. तो गाळ चाळणीत ओतायचा, समुद्राच्याच पाण्याने धुवायचा, चिखल निघून जातो आणि किडे, गोगलगायी वगैरे मंडळी चाळणीत राहतात. चाळणीची भोकं नियमाप्रमाणे एक मिलिमीटरची. हा नियम जगात सगळीकडे आहे आणि तो कुणी का केला हे विचारायची पद्धत नाही. त्या दिवशी वारा वाढत होता. हवामानवाल्यांनी दुसऱ्या दिवसापासून पंधरा दिवस होड्या बंद ठेवायला सांगितल्या होत्या, म्हणजे दोन नंबरचे नमुने त्याच दिवशी हवेत, नाहीतर मुदत संपून टायवाल्यांचा अहवाल पास. अशा मोक्याच्या दिवशी मी पहिला घास वर घेतला, चाळणीत ओतला, चाळणी होडीच्या काठावरून पाण्यात बुचकळली आणि बाबांकडे मान वळवून मला पोहता येत असल्याचं त्यांना नव्याने सांगायला लागलो. तेवढ्यात लाट आली. मावशी, चाळणी हातातून इतक्या अलगद गेली की पहिले दोन क्षण मी रिकामे हात तसेच हलवत होतो. मग आम्ही दोघं काठावरून वाकून खाली बघत राहिलो. बाबा म्हणाले, "आता पोहता येतंय तर जा."

मी डोक्याला हात लावून बसलो. दुसरी चाळणी कचेरीत, कचेरी दोन तासांवर, आणि वारा तर शिट्ट्या मारायला लागलेला. बाबांनी स्वतःचा पंचा देऊ केला (त्यातून पाणीसुद्धा गळत नाही, तो त्यांनी किती वर्षांत धुतला नसेल देव जाणे). शेवटी दुसरं काही सुचेना म्हणून मी बिस्किटं काढली. निराश झाल्यावर मी खातो, हे तुला माहीत आहे. आणि तिथे, त्या बिस्किटांच्या डब्यापाशी, मला एक साधी घरगुती चाळणी सापडली. (तिथे कशी आली ते सावकाश सांगतो. आत्ता मध्ये बोलू नकोस.) बारीक जाळीची, मैदा चाळायची. आमच्या नियमात ती कुठेच बसत नव्हती. पण हातात दुसरं होतं काय? त्या चाळणीने मी दोन नंबरचे बाराच्या बारा घास चाळले. जाळी बारीक, त्यामुळे चिखल लवकर निघेना, हात बधिर झाले, एका घासाला जिथे दहा मिनिटं लागतात तिथे वीस लागली. बाबा आधी हसले, मग कंटाळले आणि शेवटी मुकाट्याने पाणी ओतायला बसले. चाळणीत दरवेळी तळाला करडी रेती राहायची. मी ती तशीच बाटल्यांत भरली आणि तक्त्यात 'चाळणीचा प्रकार' या रकान्यापुढे 'इतर' असं लिहिलं.

'इतर' या तीन अक्षरांवरून बाईंनी माझी जी हजेरी घेतली ती मी तुला सांगणार नाही, तुझा रक्तदाब वाढेल. त्या दिवसाच्या अकराही वाक्यांचा खुर्दा माझ्यावर झाला. नमुने बाद, मुदत बाद आणि बहुधा मीही बाद. वर शिक्षा म्हणून त्या म्हणाल्या की ही जी रेती गोळा करून आणली आहे ना, ती आता बसून मोजा. मी मोजायला बसलो. कचेरीत माझं टेबल मोरीच्या दाराशी आहे, वरची ट्यूबलाइट एका बाजूने फडफडते. तिथे मी चिमूटभर रेती काचेवर घेतली आणि सूक्ष्मदर्शकातून बघितलं तर काय! रेतीला बिजागरी होती. प्रत्येक कणाला दोन शिंपा, मध्ये नाजूक बिजागरी, कडेला वलयं. खसखशीच्या दाण्याएवढ्या, खसखशीहूनही लहान, पूर्ण घडलेल्या शिंपल्या. एक नाही, दोन नाही, एकट्या पहिल्या बाटलीत चारशे बारा. मी तीनदा मोजल्या. मग उठून बाईंच्या टेबलापाशी गेलो. सूक्ष्मदर्शकाकडे बोट दाखवलं. बाई आल्या, वाकल्या, बराच वेळ वाकलेल्याच राहिल्या आणि मग चष्मा न पुसताच त्यांनी विचारलं, "चाळणी कसली होती म्हणालात?"

तुझ्या लक्षात आलं का मावशी काय झालं ते? दोन नंबर म्हणजे शिंपल्यांचं बाळंतघर आहे. त्या निवांत पाण्यात त्या जन्माला येतात, खसखशीएवढ्या असेपर्यंत तिथल्या गाळात राहतात, मग एक बारीकसा धागा सोडून भरतीच्या पाण्यावर तरंगत आत जातात आणि आजींच्या रेताडावर मोठ्या होतात. आजवर जो जो तज्ज्ञ आला त्याने एक मिलिमीटरची चाळणी लावली, आणि ही सगळी तान्ही पोरं त्या भोकांतून सुळकन खाली जाऊन समुद्रात परत पडली. चाळणी रिकामी दिसली की गाळ निर्जीव! टायवाल्यांनी खोटं लिहिलं नव्हतं. पाळण्यात कुणी नाही अशी त्यांची मनापासून खात्री होती, कारण पाळण्याला तळच नव्हता. आणि मी ती नियमाची चाळणी बुडवली नसती तर मीही सही ठोकून मोकळा झालो असतो.

बाईंनी दुसऱ्या दिवसापासून असा काही धडाका लावला की विचारू नकोस. सरकारकडे जाऊन मुदत वाढवून आणली. हवा निवळल्यावर आम्ही तिन्ही जागांवर परत गेलो, या वेळी नियमाची नवी चाळणी वर आणि मैद्याची खाली, अशी जोडीने. एक नंबरला खाली फुटक्या शिंपा. तीन नंबरला खाली नुसती रेती. दोन नंबरला वर काही नाही आणि खाली पोरांची जत्रा. मग टायवाल्यांनी लेखी शंका काढली की ह्या कशावरून त्याच शिंपल्या, जन्मभर खसखशीएवढीच राहणारी एखादी वेगळी जात असेल. रास्त शंका होती, मी मान्य करतो (मनातल्या मनात). त्यावर बाईंनी त्यातल्या दोनशे जिवंत शिंपल्या कचेरीत पाळायला घेतल्या. कुठे? मोरीतल्या बेसिनमध्ये. दोन महिने आमच्या मोरीत कुणाला पाऊल टाकायची परवानगी नव्हती. रोज बाबा समुद्राचं ताजं पाणी आणायचे, मी त्यात हिरवं शेवाळपाणी घालायचो आणि हात धुवायला आम्ही सगळे खालच्या शिंप्याच्या दुकानात जायचो. शिंप्याला वाटलं की आमच्याकडे साथ आली आहे. आठव्या आठवड्यात त्या शिंपल्या करंगळीच्या नखाएवढ्या झाल्या आणि त्यांच्या पाठीवर तपकिरी पट्टे उमटले, अगदी रेताडावरच्या शिंपल्यांना असतात तसे. बाईंनी त्या दिवशी सगळ्यांना चहा सांगितला. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

मग जाहीर सुनावणी. ती शाळेच्या एका वर्गात ठेवली होती, कारण गावात तेवढीच मोठी खोली. बाकं लहान मुलांची. कंपनीची माणसं गुडघे हनुवटीला लावून बसलेली, टायवाले तर पहिल्या बाकात असे अडकले होते की बोलायला उठले तेव्हा बाकही त्यांच्याबरोबर उठलं. तरी बोलले मात्र झकास. सहाही नकाशे फळ्याला लावले, रंग समजावून सांगितले आणि निर्जीव गाळ हे शब्द एकूण चौदा वेळा उच्चारले (मी कागदावर रेघा ओढत होतो). सगळा वर्ग माना डोलवायला लागला. सुनावणी घेणाऱ्या अधिकारीबाईसुद्धा डोलवत होत्या, आणि मागच्या भिंतीला टेकून उभ्या असलेल्या शिंपल्यावाल्या बायकांचे चेहरे पडले होते. मग आमच्या बाई उठल्या आणि एकच वाक्य बोलल्या, की आमचं म्हणणं हे दाखवतील. हे म्हणजे मी! मला कुणी आधी सांगितलं होतं? पण मी पुढे गेलो, सकाळीच दोन नंबरवरून आणलेला गाळ मास्तरांच्या टेबलावर ठेवला, बादलीवर नियमाची चाळणी धरली आणि तिच्यात गाळ धुतला. चाळणी रिकामी. ती मी टायवाल्यांच्या हातात दिली आणि विचारलं की काही दिसतंय का. त्यांनी नाही म्हणून मान हलवली, अगदी प्रसन्नपणे. मग जे खाली बादलीत गेलं होतं ते मी मैद्याच्या चाळणीत ओतलं.

सूक्ष्मदर्शक लावून झाल्यावर अधिकारीबाई पुढे यायला लागल्या, पण मी म्हटलं (कुठून धीर आला कोण जाणे) की आधी आजींना बघू द्या. आजींना वाकायची गरजच नव्हती, त्या वाकलेल्याच होत्या. त्यांनी एक डोळा मिटून नळीला दुसरा लावला. मावशी, त्या आजींनी सत्तर वर्षं शिंपल्या वेचल्या, नखाएवढीपासून पंज्याएवढीपर्यंत ओळखतात, पण त्या येतात कुठून हे त्यांना कधीच माहीत नव्हतं. दरवर्षी आपोआप येतात, एवढंच. बऱ्याच वेळाने त्यांनी डोकं वर केलं आणि मागे वळून त्या आवाजात म्हणाल्या, "अगं या गं सगळ्या, आपली पोरं बघा!" आणि साठ बायका बाकं ओलांडून टेबलाकडे आल्या. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू. टायवालेसुद्धा रांगेत उभे राहिले. त्यांनी बघितलं, टाय सैल केला आणि भर वर्गात कबूल केलं की हे त्यांच्या चाळणीतून निसटलं. माणूस वाईट नाही. अधिकारीबाईंनी तिथल्या तिथे सांगितलं की दोन नंबर रद्द, पिंजरे तीन नंबरला, मजबूत दोर लावून. बायकांनी मला खांद्यावर घ्यायचंच काय ते बाकी ठेवलं. बाबांनी सगळ्यांना सांगितलं की ह्याला पोहता येतं. आणि मोठ्या बाई मला म्हणाल्या, "छान केलंत." त्या दिवसाची उरलेली नऊ वाक्यं त्यांनी माझ्यावर खर्च केली नाहीत, तरी माझी काही तक्रार नाही.

एक किरकोळ कागद तेवढा बाकी आहे. कंपनीच्या वकिलाने जाता जाता एक हरकत नोंदवली, पण ते सगळं होईल, तू काळजी करू नकोस. एकूण काय, तुझ्या चिखल्याने नाव काढलं. आता पुढच्या लग्नकार्यात कुणी विचारलं तर ताटात काही वाढू नकोस, सरळ सांग की आमचा मुलगा चिखल चाळतो. काकांना कुंड्यांचं तेवढं सांग, आणि तूही जिना जपून उतर.

तुझा,
चिखल चाळणारा भाचा

ता. क. ती घरगुती चाळणी होडीत कशी आली ते सांगायचं राहिलं. मावशी, चाळणी तुझीच. मी निघालो त्या सकाळी तू बिस्किटांचा डबा भरलास, झाकण कुठे सापडेना, रिक्षा खाली भोंगा वाजवत होती, तेव्हा तूच ती चाळणी वर उपडी घातलीस आणि फडकं बांधलंस. मी साक्षीदार आहे. काकाही आहेत, पण त्यांना या भानगडीत ओढू नकोस. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा चाळणी पुरावा म्हणून बाईंच्या कपाटात कुलूपबंद होती, दुसऱ्या पत्रात तू काकूंचं नाव घेतलंस, तिसऱ्यात त्यांच्या माहेरापर्यंत पोचलीस. मग मला सांगायला जागाच राहिली नाही.

ता. क. २. आता तो किरकोळ कागद. वकिलाचं म्हणणं असं की ही चाळणी आधी कुठे होती कोण जाणे, तिच्या जाळीत जुन्या शिंपल्या अडकलेल्या असतील. म्हणून चाळणीच्या मालकाने लिहून द्यायचं आहे की ती समुद्रावर कधी गेलेली नाही, तिच्यातून फक्त मैदा चाळला आहे. कागद पुढच्या शुक्रवारपर्यंत पोचला नाही तर नमुने बाद, दोन नंबर पुन्हा मोकळी, आणि आजींची पोरं काळ्या गाळाखाली. मी तुझंच नाव घालून कागद तयार केला होता. पण चाळणी पुरावा म्हणून जमा करून घेताना सुनावणीच्या कारकुनाने तिची कड ओल्या फडक्याने पुसली आणि नोंदवहीत लिहिलं, 'कडेच्या आतील अंगास लाल रंगाचे तीन ठिपके.' तू ती कधीतरी मागून आणली असशील, आणि काकूही विसरल्या असतील, नाहीतर एवढे दिवस तुझं ऐकून घेतलं नसतं. कोरा कागद सोबत जोडला आहे. सही त्यांची हवी. मी त्यांना परस्पर पाठवू शकलो असतो, पण मग त्यांना तुझ्या आधी कळलं असतं, आणि ते मला बघवलं नसतं. तू आजवर कुणाची माफी मागितल्याचं माझ्या आठवणीत नाही, मावशी. पण साठ घरं आहेत. भिंतीकडचं तोंड एकदा वळव आणि त्यांची बेल वाजव.

ता. क. ३. बिस्किटांचा डबा या पत्राबरोबर परत पाठवतो आहे. पाठवण्याआधी धुवायला म्हणून उपडा केला. त्याच्याही बुडाला तीन ठिपके आहेत. काकूंकडे जातेच आहेस, तर झाकण तिथेच आहे का ते बघ.